मधुमेह्याची भाजी व फराळ

घरांतील एखाद्या माणसास मधुमेह असल्याचें निदान झालें, कीं पहिला हुकूम सुटतो तो साखरेवर. चहा बिनसाखरेचा होतो, लाडवांचा डबा वरच्या फळीवर जातो, आणि पथ्य सुरू झालें असें सर्वांस वाटतें. परंतु त्याच दुपारीं ताटांत बटाट्याची भाजी असते व एकादशीस साबुदाण्याची खिचडी. पिष्टसत्त्व जिभेस गोड लागत नाहीं. पोटांत गेल्यावर मात्र त्याची साखरच होते आणि ती रक्तांत उतरते.

या पथ्यास करुण इतिहास आहे. इन्शुलिनचा शोध १९२१ सालीं टोरांटो येथें लागला. तत्पूर्वीं अमेरिकेंत डॉ. फ्रेडरिक ॲलन यांच्या पद्धतींत रोग्यास जवळजवळ उपाशीं ठेवीत. त्या काळीं भाज्या तीन तीन वेळां उकळून, दर वेळीं पाणी फेंकून, त्यांतलें उरलेंसुरलें पिष्टहि काढून टाकीत. रोग्याच्या वांट्यास येई तो केवळ चोथा. एलिझाबेथ ह्यूजेस ही मुलगी ॲलन यांच्या पथ्यावर सुमारें तीन वर्षें तग धरून राहिली. १९२२ च्या ऑगस्टांत ती डॉ. बँटिंग यांच्याकडे आली, तेव्हां पंधराव्या वर्षाच्या उंबरठ्यावर तिचें वजन अवघें ४५ पौंड होतें. इन्शुलिन मिळालें आणि ती १९८१ पर्यंत जगली.

आजच्या रोग्यास असें उपाशीं राहण्याचें कारण नाहीं. त्यास निवड करतां आली पाहिजे. वनस्पति आपली शिदोरी बहुधा कंदांत व दाण्यांत सांठविते. म्हणून बटाटा, रताळें, सुरण, अळकुड्या आणि मटारहि जपून खावे. पालेभाज्या व वेलीवरच्या फळभाज्या यांत पाणी फार. शंभर ग्रॅम पालक, दुधी किंवा काकडी यांत पिष्ट व साखर मिळून तीन-चार ग्रॅमच भरतात. तेवढ्याच बटाट्यांत १७ ते २० आणि रताळ्यांत २० वा त्याहून अधिक. मुळा जमिनीखालीं वाढतो खरा, पण तो निरुपद्रवी आहे. कारल्याविषयीं लोकांचा भलताच विश्वास असतो. कडू रसानें गोड रोग जातो अशी समजूत करून घेऊन औषध सोडणारे कांहीं थोडे नाहींत! कारलें भाजी म्हणून उत्तम. औषधाची जागा तें घेऊं शकत नाहीं. शिवाय चांगल्या भाजींत पीठ पेरलें किंवा गुळाचा खडा टाकला, तर निवडीचा उपयोग तो काय?

खरी कसोटी चार वाजतां लागते. पोह्यांचा चिवडा म्हणजे तांदूळच. "बिनसाखरेचीं" म्हणून विकलीं जाणारीं बिस्किटें मैद्याचीं असतात. त्यापेक्षां मूठभर भाजलेले शेंगदाणे, दाण्याचें कूट घातलेली काकडीची कोशिंबीर आणि पेलाभर ताक बरें. दाण्यांचा निम्म्याच्या आसपास भाग तेलाचा असल्यामुळें मूठ ती मूठच असावी. फुटाण्यांत अर्ध्याहून अधिक पिष्ट असतें. पण प्रथिनें व चोथाहि भरपूर असल्यानें थोडे चालतात.

सर्वांत अवघड दिवस उपवासाचा. साबुदाण्यांत शंभरास ८७ च्या आसपास भाग पिष्टाचा, आणि जोडीस बटाटा. व्रत मोडा असें घरांतल्या आजीबाईंना सांगण्याचें धैर्य कोणास होणार? तसें सांगावेंहि लागत नाहीं. दाण्याची आमटी, लाल भोपळ्याची भाजी, काकडी व ताक हींहि उपवासास चालतात. आजीबाईंच्या पानांत तींच प्रथम वाढावीं.

मात्र जो रोगी इन्शुलिन घेतो, किंवा रक्तांतील साखर उतरविणाऱ्या कांहीं विशिष्ट गोळ्या घेतो, त्यानें वैद्यास विचारल्यावांचून भात-भाकरी एकदम तोडूं नये. औषध तेंच राहिलें व अन्न घटलें, तर साखर धोक्याच्या पातळीखालीं जाते. घाम सुटतो, हात कांपतात, प्रसंगीं शुद्ध हरपते. अशा माणसाच्या खिशांत साखरेची एक पुडी नेहमीं असावी.