हिमरूचे जाकीट आणि बाजाराची वाट

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



कापड विणणारा एक आणि ते विकणारा दुसरा, ही विभागणी मराठवाड्याला फार जुन्या काळापासून परिचित आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक दर्यावर्दी पुस्तिकेत भडोच बंदरापासून दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तेथून पूर्वेस सुमारे दहा दिवसांच्या वाटेवर तगर, म्हणजे आजचे धाराशिव जिल्ह्यातील तेर, असल्याची नोंद आहे. तगरचे जाडेभरडे कापड आणि मलमल गाड्यांवर लादून भडोचला जात असे. त्या नोंदीत माल आहे, वाट आहे, बंदर आहे. विणणाऱ्याचा मात्र उल्लेख नाही. कापडाच्या अर्थकारणात तो पुढेही बहुधा असाच अनुल्लेखित राहिला.

गेल्या काही दशकांत या जुन्या विभागणीला छेद देणारी एक व्यक्ती बाजारात दिसू लागली आहे. ती हातमागाचे कापड स्वतः निवडते, जाकीट स्वतःच्या कल्पनेने बेतते, घरी किंवा दोन-तीन कारागिरांच्या मदतीने शिवते आणि गाठोडी बांधून गावोगावच्या प्रदर्शनांत स्वतःच विकते. तिच्यावर ना शेठ आहे ना मुकादम. सरकारी परिपत्रकांत तिला 'उद्योजक' म्हणतात, वर्तमानपत्रांत 'स्वतंत्र डिझायनर' म्हणतात. अशा कामात स्त्रिया मोठ्या संख्येने आहेत, म्हणून येथे उल्लेख स्त्रीलिंगी केला आहे. प्रश्न असा की, हे स्वातंत्र्य कितपत खरे आहे आणि त्याची किंमत कोण मोजते?

छत्रपती संभाजीनगर, म्हणजे २०२३ पर्यंतचे औरंगाबाद, हे शहर या प्रश्नाच्या अभ्यासाला विशेष सोयीचे आहे; कारण हिमरू ही येथली वीण. महंमद तुघलकाने १३२७ साली राजधानी दौलताबादला हलविली तेव्हा आलेल्या कारागिरांबरोबर ही कला येथे आली, असे परंपरा सांगते. 'हम-रू' म्हणजे 'सारखा दिसणारा'. किनखाबासारखे दिसणारे, पण जरीऐवजी सुताच्या ताण्यावर जादा रेशमी बाण्याने नक्षी उमटविलेले हे कापड. पूर्वी या मागावर दोन माणसे लागत. विणकर धोटा टाकी आणि त्याचा मदतनीस नक्षीच्या क्रमाने दोऱ्यांचे गुच्छ ओढी. पुढे मदतनिसाचे काम जॅकार्डच्या छिद्रे पाडलेल्या पुठ्ठ्यांनी घेतले.

हिमरूचे गिऱ्हाईक कोण होते? निजामी राज्यातील सरदार, जहागीरदार आणि अधिकारी. त्यांच्या शेरवान्या हा या कापडाचा मोठा आधार होता. सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले आणि १९४९ साली तेथील जहागिरी रद्द झाल्या. लोकशाही क्रांतीच्या दृष्टीने हे पाऊल अत्यावश्यक आणि स्वागतार्हच होते. परंतु दरबार गेला तसा दरबाराचा पोशाखही गेला आणि विणकराचे गिऱ्हाईक एका पिढीत नाहीसे झाले. जहागीरदाराला नुकसानभरपाई मिळाली. त्याच्या शेरवानीचे कापड विणणाऱ्याला नवे गिऱ्हाईक मिळवून देण्याची जबाबदारी मात्र कोणीच आपली मानली नाही. सामाजिक परिवर्तनाच्या हिशेबात राहून गेलेली ही बाब समाजवाद्यांनी विसरू नये.

त्यानंतर हे कापड वेरूळ-अजिंठ्याच्या पर्यटकांच्या आधाराने तगून राहिले. शाली, चादरी आणि नमुन्यादाखल चार वस्तू, एवढाच त्याचा पसारा उरला. यंत्रमागावर विणलेली स्वस्त नक्कल हिमरू म्हणूनच विकली जाऊ लागली आणि जफर गेट, नवाबपुरा या भागांतील हातमाग थोडे उरले. पैठणीचे दैव तुलनेने बरे. तिला साडी म्हणून लग्नसराईचे गिऱ्हाईक आहे आणि २०१० साली तिला भौगोलिक मानांकनही मिळाले. पण मानांकन नावाचे रक्षण करते, मजुरीचे नव्हे. २०१९-२० च्या हातमाग गणनेनुसार देशात ३५ लाखांहून अधिक हातमाग कामगार आहेत, त्यांत सुमारे ७२ टक्के स्त्रिया आहेत आणि सुमारे दोन-तृतीयांश विणकर कुटुंबांचे मासिक उत्पन्न ५,००० रुपयांच्या आत आहे. औद्योगिक वसाहतीतील साध्या हेल्परची मजुरीही याहून अधिक असते. मग विणकराचा मुलगा चिकलठाण्याची किंवा वाळूजची वाट धरतो, यात नवल नाही.

अशा स्थितीत जाकिटाचे महत्त्व आहे. साडी वा शेरवानी नेहमी घालता येत नाही. बिनबाह्यांची बंडी किंवा जाकीट सदऱ्यावर, कुडत्यावर, साडीवरसुद्धा चालते. थोड्या कापडात होते, सामानात कमी जागा घेते आणि चांगला दाम मिळवते. हिमरूचा किंवा पैठणीचा तुकडा जाकिटाच्या रूपाने नव्या शहरी गिऱ्हाइकाच्या अंगावर चढतो, तेव्हा मागावरच्या माणसाला काही दिवसांचे काम मिळते. म्हणून जाकीट शिवणारी ही बाई हा विणकराचा बाजाराशी असलेला एक जिवंत दुवा आहे.

आता तिच्या हिशेबाकडे पाहू. कापडाचे पैसे आगाऊ द्यावे लागतात, कारण गरीब विणकर उधारीवर विणू शकत नाही. अस्तर, बटणे, काजे करणाऱ्याची मजुरी हेही रोख. मग प्रवास. देवगिरी एक्स्प्रेसने मुंबई, सचखंड एक्स्प्रेसने दिल्ली, हंगामात गोव्यात हणजूणचा बुधवारचा बाजार. प्रत्येक ठिकाणी गाळ्याचे भाडे, राहणे, हमाली. पाऊस आला, गर्दी नसली, तरी भाडे चुकत नाही. न विकलेला माल परत आणावा लागतो आणि त्यात अडकलेले भांडवल पुढच्या प्रदर्शनापर्यंत मोकळे होत नाही. या सर्व दिवसांची तिची स्वतःची मजुरी कोणत्याही वहीत लिहिली जात नाही. अर्थशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर भांडवलदाराची सारी जोखीम तिच्या माथी आहे. भांडवल मात्र तिच्याकडे नाही. कारखान्यातील कामगाराला निदान मालक दिसतो, त्याच्याशी भांडता येते. हिच्या दारात मालक नाही, म्हणून संपही नाही. घट झाली तर ती आपल्याच जेवणातून भरून काढायची.

या हिशेबात करपद्धतीने एक नवी अडचण घातली आहे. तिचा तपशील कार्यकर्त्यांनी बारकाईने समजून घेतला पाहिजे. २०१७ साली वस्तू व सेवा कर आला. त्यात एक हजार रुपयांपर्यंतच्या तयार कपड्यावर ५ टक्के आणि त्यावरील किमतीच्या कपड्यावर १२ टक्के कर होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून ही मर्यादा २,५०० रुपयांवर नेण्यात आली. त्या आत ५ टक्के, त्यावर १८ टक्के. वरवर पाहता ही सवलत गरिबांची आणि भुर्दंड श्रीमंतांचा, असे वाटते. उदाहरण घेऊन पाहू. गिरणीच्या कापडाचे, कारखान्यात शिवलेले २,००० रुपयांचे जाकीट. त्यावर पूर्वी २४० रुपये कर होता, आता १०० रुपये झाला. हातमागाच्या कापडाचे, हाताने शिवलेले ४,००० रुपयांचे जाकीट. त्यावर पूर्वी ४८० रुपये होता, आता ७२० रुपये झाला. दोन्हींच्या किमतींतील अंतर करामुळे ३८० रुपयांनी वाढले.

हातमागाचे जाकीट महाग का? त्यात सोन्याची तार आहे म्हणून नव्हे. त्यात माणसांचे दिवस अधिक आहेत म्हणून. हा कर मूल्यवर्धनावर आहे, असे त्याचे समर्थक सांगतात. कारखानदाराने सूत, रंग, यंत्र यांवर भरलेला कर त्याला वजा करून मिळतो. मजुरीवर असा वजावटीचा लाभ नाही. त्यामुळे ज्या वस्तूत मजुरीचा वाटा मोठा, तिच्यावर कराचा खरा भार मोठा. हातमागाच्या वस्तूत मूल्यवर्धन म्हणजे मुख्यतः मजुरीच. म्हणजे चैनीवर बसविलेला म्हणून सांगितला जाणारा हा दर प्रत्यक्षात श्रमावर बसतो. आणखी एक विसंगती अशी की, पन्नास हजारांच्या रेशमी पैठणीवर कापड म्हणून ५ टक्केच कर आहे. पण त्याच कापडाला कातर लागून तीन हजारांचे जाकीट झाले की दर १८ टक्के होतो. शिंप्याच्या श्रमाचा याहून उघड दंड दुसरा कोणता असू शकेल?

जी बाई आपल्या राज्यातच विकते आणि जिची वार्षिक उलाढाल ४० लाखांच्या आत आहे, तिला महाराष्ट्रात नोंदणी करावी लागत नाही, हे खरे. पण परराज्यातील प्रदर्शनात माल नेला की तेथे तात्पुरता करदाता म्हणून नोंदणी करून अंदाजित कर आगाऊ भरावा, असा सर्वसाधारण नियम आहे. पुढे ठराविक हस्तकलावस्तूंना काही अटींवर यातून सूट देण्यात आली. परंतु ही यादी वस्तूंच्या नावांची आहे. एकीकडे हातमागाचे कापड आणि दुसरीकडे शिलाई अशी मिश्र वस्तू तीत कोठे बसते, हे समजून घ्यायलाच हिशेबनीस लागतो. घरी बसून विकणाऱ्याला मोकळीक आणि गिऱ्हाइकाच्या शोधात चालत जाणाऱ्याला कागदांचा भार, असा हा उलटा न्याय आहे. नामदेव शिंपी पंजाबपर्यंत गेले. त्यांच्या वाटेवर अशी नाकी नव्हती.

येथे एक आक्षेप अपेक्षित आहे. चार हजारांचे जाकीट घेणारा शेतमजूर नाही, गिरणी कामगार नाही; मग श्रीमंतांच्या पोशाखाची चिंता समाजवाद्यांनी का करावी? आक्षेप गंभीर आहे, पण त्यात गिऱ्हाईक आणि उत्पादक यांची गल्लत आहे. ताजमहाल कोणासाठी बांधला यावरून पाथरवटाच्या मजुरीचा प्रश्न सुटत नाही. श्रीमंताकडून कर घ्यायचा तर त्याच्या उत्पन्नावर आणि संपत्तीवर घ्यावा. त्याने हातमागाचे कापड घेतले म्हणून नव्हे. कारण त्या दराने श्रीमंत गिऱ्हाईक गरीब होत नाही, तो फक्त गिरणीच्या जाकिटाकडे वळतो.

समाजवादी परंपरेला हा विषय नवा नाही. १९३६ साली काँग्रेस समाजवादी पक्षाच्या अध्यक्ष झालेल्या कमलादेवी चट्टोपाध्याय यांनी स्वातंत्र्यानंतर आपले आयुष्य कारागिरांच्या संघटनेला वाहिले. १९४८ साली त्यांनी इंडियन कोऑपरेटिव्ह युनियन स्थापन केली आणि १९५२ साली नेमलेल्या अखिल भारतीय हस्तकला मंडळाचे नेतृत्व केले. विक्रीची व्यवस्था हाती नसेल तर उत्पादन वाचविता येत नाही, हे त्यांच्या कामाचे सूत्र होते. डॉ. लोहियांचा लहान यंत्राचा विचारही याच कुळातील. पुढे दस्तकारी हाट समिती १९८६ मध्ये निघाली आणि तिच्या संस्थापक जया जेटली यांच्या कल्पनेतून १९९४ साली 'दिल्ली हाट' उभा राहिला. त्यांच्या पुढील राजकारणाविषयी मतभेद असले तरी कारागिराला माफक भाड्यात, पाळीपाळीने, थेट गिऱ्हाइकासमोर बसविण्याची ही कल्पना मूलतः समाजवादी आहे, हे मान्य करावे लागेल.

याउलट शासनाचा प्रवास पाहा. १९८५ च्या कायद्याने हातमागासाठी कापडाचे २२ प्रकार राखून ठेवले गेले. पुढे ती यादी ११ वर आली. २०२० साली अखिल भारतीय हातमाग मंडळ आणि हस्तकला मंडळ ही दोन्ही बरखास्त झाली. ही मंडळे फार प्रभावी होती असे नव्हे. पण कारागिराला आपले म्हणणे मांडण्याची ती एक अधिकृत जागा होती.

तेव्हा कार्यकर्त्यांनी काय करावे? पहिली गोष्ट कराची. तयार कपड्याचा दर किमतीवरून न ठरविता उत्पादनाच्या पद्धतीवरून ठरावा. प्रमाणित हातमागाच्या कापडाचा कपडा कितीही किमतीचा असो, त्यावर ५ टक्क्यांहून अधिक कर नसावा, आणि परराज्यातील प्रदर्शनासाठी अशा सर्व कपड्यांना नोंदणीतून निःसंदिग्ध सूट असावी. ही मागणी अर्थमंत्र्यांकडे पाठविण्यापुरती न ठेवता विणकर आणि शिलाई कामगार स्त्रिया यांच्या सभांतून मांडली पाहिजे.

दुसरी गोष्ट जागेची. वेरूळ-अजिंठ्याला जाणारा पर्यटक ज्या शहरात उतरतो, तेथे महापालिकेने कारागिरांसाठी कायमचा हाट उभारावा आणि गाळे पाळीने द्यावेत. विणणारा व शिवणारा याला तेथे अग्रक्रम असावा, दलालाला नव्हे. दारी गिऱ्हाईक येत असताना दिल्लीपर्यंत गाठोडी वाहावी लागावीत, यात शहाणपण नाही.

तिसरी गोष्ट सर्वांत कठीण आणि सर्वांत आपल्या हातातली. एकट्याने फिरणाऱ्या या स्त्रियांची सहकारी संस्था बनविणे. दहा जणींनी मिळून एक गाळा घेतला, पाळीपाळीने दोघी गेल्या, कापड एकत्र खरेदी केले आणि हिशेबनीस एकच ठेवला, तर प्रवासाचा व भाड्याचा भार विभागला जातो आणि विणकराला वर्षभराच्या कामाची हमी देता येते. नक्षी आणि बेत प्रत्येकीचे वेगळे राहोत. त्या स्वातंत्र्याला सहकाराने धक्का लागण्याचे कारण नाही. जोखीम एकत्र आणि कल्पना स्वतंत्र, अशी ही रचना असावी. सहकार म्हणजे साखर कारखाना अशी जी समजूत महाराष्ट्रात रुजली आहे, ती मोडायलाही याने मदत होईल.

मालकावाचून काम करण्याची आकांक्षा ही कष्टकऱ्याची फार जुनी आणि फार न्याय्य आकांक्षा आहे. जाकीट शिवून गावोगाव विकणाऱ्या बाईने ती स्वतःपुरती, एकटीच्या बळावर प्रत्यक्षात आणली आहे. तिला 'उद्योजक' म्हणून टाळ्या देऊन बाजारात एकटे सोडणे सोपे आहे. ती कष्टकरी आहे हे ओळखून तिचा आणि तिच्यामागच्या विणकराचा प्रश्न चळवळीच्या कार्यक्रमपत्रिकेवर घेणे, हे समाजवादी कार्यकर्त्याचे काम आहे. त्याची सुरुवात जफर गेटच्या एखाद्या मागावर बसून, मजुरीचा खरा हिशेब विचारून व लिहून घेऊन करता येईल.