अळीला कोणी शिकवलं?



गाय व्याली की वासरू थोड्याच वेळात लटपटत उभं राहतं आणि कास शोधतं. आपलं तान्हं मूल गालाला बोट लागलं की तोंड तिकडे वळवतं. कोणी शिकवलेलं नसतं. याला म्हणतात उपजत बुद्धी. आज बोलायचं आहे ते आपल्या कपाशीतल्या अशाच एका उपजत शहाणीबद्दल, गुलाबी बोंडअळीबद्दल.

हिची आई अंडी घालून निघून जाते. तरी केसाएवढी अळी अंड्यातून निघते ती पातीत, फुलात नाहीतर बोंडात शिरते. फुलात शिरली तर पाकळ्या धाग्याने बांधून टाकते. तीच आपली डोमकळी. बोंडात शिरली की मागचं भोक बुजतं. मग आपली फवारणी बाहेरच्या बाहेर!

रात्री मादी वास सोडते. नर वाऱ्याच्या उलट उडत त्या वासावर येतो. पुढे मादी आहे की रबराची गोळी, हे त्याला कळत नाही. १९७३ साली अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी हा वास नेमका ओळखला. आपले कामगंध सापळे त्यावरच चालतात. एकरी दोन लावा. सलग तीन रात्री सापळ्यामागे आठ-आठ पतंग पडले, तरच औषधाचा विचार करा. शेजाऱ्याने पंप पाठीवर घेतला की आपणही घेतो. ही खोड माणसाची! २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारताना विषबाधा होऊन वीसच्या वर माणसं गेली.

दिवस लहान झाले, थंडी पडली की हीच अळी दोन सरक्या जोडून आत झोपते. महिनोन्महिने खात नाही, पावसाळ्याच्या सुमारास उठते. फरदड उभी असली की तिला खायलाही मिळतं आणि झोपायला जागाही.

आम्हीही फरदड ठेवली आहे, खोटं कशाला बोला? ज्वारी घरच्या पोटाला जाते, रोख पैसा काय तो पऱ्हाटीचा. अवकाळी पावसाने पऱ्हाटी पुन्हा फुटली आणि सोसायटीचा तगादा दारात असला, तर एक वेचा सोडवत नाही. त्या वेच्यात कवडीच जास्त निघते, हेही आम्ही पाहिलं आहे.

एकट्याने उपटून भागत नाही. पतंगाला बांध कळत नाही. म्हणून बैठक उठण्यापूर्वी प्रत्येक गावाने तारीख सांगावी: शिवारातली शेवटची पऱ्हाटी कधी निघणार, आणि जिनिंगजवळचे सापळे कोण बघणार.