मनाची उलटतपासणी

(तळेगाव दाभाडे येथे उपासक-उपासिकांपुढे दिलेले व्याख्यान)



वकिलाने कायद्यावर बोलावे आणि मनाचा विषय भन्तेंकडे सोपवावा, असे आपल्यापैकी काहींना वाटेल. परंतु न्यायालयात वावरताना मी एक गोष्ट सतत पाहत आलो आहे. कायद्याने दिलेला हक्क आणि तो मागणारा मनुष्य यांच्यामध्ये पुष्कळदा एक तिसरा पक्षकार उभा असतो. त्याचे नाव कोणत्याही दाव्यात नसते. 'आपले कोण ऐकणार?', 'साहेबापुढे आपण काय बोलणार?', 'हे आपल्याकरिता नव्हे' एवढीच त्याची भाषा. अस्पृश्यता संविधानाच्या १७ व्या अनुच्छेदाने नष्ट झाली. महार वतन १९५८ च्या कायद्याने गेले. परंतु वतनाबरोबर अंगात मुरलेली वाकण्याची सवय कोणत्याही सरकारी राजपत्राने रद्द झालेली नाही. ती ज्याची त्यालाच रद्द करावी लागते.

येथे एक भेद प्रथमच स्पष्ट केला पाहिजे. 'सकारात्मक विचार करा' असे सांगणारी पुस्तके आज ढिगांनी विकली जातात. त्यांच्यावर माझा आक्षेप असा की, अन्यायाची जाणीव आणि न्यूनतेची भावना या दोहोंना ती एकाच गाठोड्यात बांधतात. ज्याची जमीन बळकावली गेली, त्याला संताप येणे हा मनाचा रोग नव्हे. 'माझ्यावर अन्याय झाला' हा विचार खरा असेल तर तो जपून ठेवावा, कारण त्याचीच पुढे फिर्याद होते. 'माझ्यावर अन्याय होणारच, माझी लायकीच ती' हा विचार मात्र मुळासकट उपटून काढला पाहिजे. पहिला विचार आपला असतो. दुसरा विचार आपल्या शोषकाने आपल्या डोक्यात ठेवलेली ठेव असते, आणि ती आपण पिढ्यान्‌पिढ्या बिनव्याजी सांभाळीत आलो.

ही ठेव रक्तातून येत नाही, पुनरावृत्तीतून येते. कॅनडातील मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड हेब यांनी १९४९ साली असा सिद्धान्त मांडला की, मेंदूतील ज्या पेशी पुनःपुन्हा एकत्र जागृत होतात त्यांच्यातील जोड बळकट होत जातो. रानातून नित्य एकाच मार्गाने गेल्यास पायवाट पडावी, तसा हा प्रकार आहे. वाट वापरली नाही तर तिच्यावर गवत उगवते, हेही तितकेच खरे. लंडनच्या टॅक्सीचालकांना शहरातील हजारो रस्ते पाठ करावे लागतात. त्यांच्या मेंदूची तपासणी केली असता, स्थळांची स्मृती सांभाळणारा मेंदूचा एक भाग त्यांच्यात इतरांपेक्षा मोठा आढळला, असे २००० साली प्रसिद्ध झाले. वाढत्या वयातही मेंदू बदलू शकतो, हे आता मान्य झाले आहे. तेव्हा 'आता या वयात काय बदलणार' ही सबब टिकण्यासारखी नाही.

मनुष्य ज्याचे वारंवार चिंतन करतो तिकडे त्याचे मन कलते, हे तथागतांनी द्वेधावितक्क सुत्तात सांगितले आहे. म्हणून त्यांना मेंदूशास्त्र अवगत होते, असा अतिरेक मी करणार नाही. त्यांना मनुष्य अवगत होता, एवढे पुरेसे आहे. मज्झिम निकायातीलच वितक्कसण्ठान सुत्तात अकुशल विचार घालविण्याचे पाच उपाय आहेत. त्यांतील पहिल्या उपायाची उपमा सुताराची आहे. लाकडात रुतलेली जाड खुंटी कुशल सुतार बारीक खुंटी ठोकून बाहेर काढतो. मावळच्या मनुष्यास ही उपमा फोडून सांगावी लागू नये. भाजे येथील चैत्याच्या दर्शनी भागावर जे लाकूडकाम होते ते गेले, पण ते बसविण्याची भोके कातळात अद्याप दिसतात. कार्ल्याच्या चैत्याच्या लेखांत तर दरवाजाचे काम करणाऱ्या सामी नावाच्या सुताराचे नाव कोरलेले आहे. दोन हजार वर्षे झाली, त्या काळातील कितीतरी धनिकांची नावे पुसली गेली, आणि श्रम करणाऱ्या हाताचे नाव राहिले!

उपमेचा अर्थ असा की, रिकाम्या भोकात जुनी खुंटी पुन्हा शिरते. नुसते 'हा विचार करणार नाही' म्हणून भागत नाही. त्या जागी दुसरे काही ठोकावे लागते.

बाबासाहेबांनी हेच केले. डिसेंबर १९२७ मध्ये महाड येथे त्यांनी स्त्रियांना सांगितले की, अस्पृश्यतेची खूण म्हणून ओळखला जाणारा पेहराव आणि दागिने टाका, लुगडे नीट नेसा. त्या भगिनींनी नेसण्याची पद्धत तात्काळ बदलली. मन बदलेपर्यंत थांबा, असे त्यांना कोणी सांगितले नाही. देहाने सवय मोडली आणि मन मागून आले. 'जोहार' या शब्दात मान आपोआप खाली जात असे. त्या जागी 'जय भीम' आले. या अभिवादनाचे श्रेय कामठीच्या बाबू हरदास एल. एन. यांना दिले जाते. दिवसातून दहा वेळा म्हटला जाणारा शब्द ही दहा वेळा ठोकलेली खुंटीच होय.

येथून पुण्याकडे जाताना तिसरे स्थानक देहूरोड. तेथे २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांच्या हस्ते बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना झाली. २५ डिसेंबर हीच तारीख १९२७ साली मनुस्मृती दहनाची होती. पुढे १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे त्यांनी बावीस प्रतिज्ञा दिल्या. त्या वकिलाच्या नजरेने वाचा. पहिल्या आठ नकाराच्या आहेत: मानणार नाही, करणार नाही. नववीपासून स्वीकार सुरू होतो: सर्व मनुष्यमात्र समान आहेत असे मी मानतो, समता स्थापन करण्याचा प्रयत्न करीन. जुनी खुंटी काढणे आणि नवी बसविणे या दोन्ही क्रिया त्यात आहेत. आपण मात्र त्या वर्षातून एकदा, जयंती-दीक्षादिनी, घाईने उरकतो. वर्षातून एकदा चाललेल्या जागी पायवाट पडत नाही.

आता प्रत्यक्ष कृतीविषयी. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या संशोधकांचा २०१० सालचा अभ्यास सांगतो की, नवी कृती अंगवळणी पडण्यास सरासरी ६६ दिवस लागले; कोणास १८, तर कोणास २५४ इतके लागतील असा अंदाज निघाला. एखादा दिवस चुकल्याने काम बिघडले नाही. तेव्हा धीर सोडू नये. अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञ एरन बेक यांनी १९६० च्या दशकात जी उपचारपद्धती विकसित केली, तिच्यात रुग्ण आपल्या विचारालाच पुरावा मागावयास शिकतो. आम्हा वकिलांना ही उलटतपासणी परिचित आहे. जो विधान करतो त्यानेच ते सिद्ध करावे, आणि ऐकीव पुरावा सामान्यतः ग्राह्य नसतो. 'मला बोलता येणार नाही' हे कोणी सांगितले? केव्हा सांगितले? सांगणाऱ्याचा त्यात स्वार्थ होता काय? प्रश्न वहीत लिहा आणि उत्तरेही लिहा. माझ्या एका वृद्ध अशिलांनी हे काम नातीच्या हातून करविले. त्यांच्या वहीत सहा वाक्ये निघाली. पाच ऐकीव होती. पुढल्या तारखेस ते माझ्या कार्यालयात आले तेव्हा, मी म्हणण्यापूर्वीच खुर्चीवर बसले. ज्याची झोपच उडाली आहे, जगणे नकोसे झाले आहे, त्याने मात्र वहीवर विसंबू नये. डॉक्टरांकडे जावे, आणि त्यात लाज मानू नये.

आणि खुर्ची खरोखरच नाकारली गेली, जातीवरून अपमान झाला, तर तो प्रश्न मनाचा उरत नाही. 'बौद्ध झालात, आता ॲट्रॉसिटीचा कायदा तुम्हाला लागू नाही,' असे काही ठिकाणी सांगितले जाते. हे चूक आहे. अनुसूचित जातींसंबंधीच्या १९५० च्या आदेशात १९९० साली दुरुस्ती होऊन बौद्धांचा समावेश झाला. अनुसूचित जातीतून धम्मात आलेल्या मनुष्यास १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याचे संरक्षण आहे. जातीचा दाखला काढून ठेवावा. फिर्यादीची प्रत विनामूल्य मिळते, ती मागून घ्यावी. ठाण्यात फिर्याद नोंदविण्यास नकार मिळाल्यास वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यांकडे टपालाने लेखी तक्रार पाठवावी आणि टपालाची पावती जपून ठेवावी.