रक्ताचा वेग कानावर
मनगटावर जेल लावून डॉप्लर यंत्राचा प्रोब टेकवला की नाडीच्या लयीत ‘सूं... सूं...’ ऐकू येतं. हा रक्ताचा खळखळाट नव्हे. प्रोब सोडतो त्या ध्वनिलहरी असतात सेकंदाला लाखो कंपनांच्या, माणसाला ऐकू न येणाऱ्या. धावत्या तांबड्या पेशींवर आदळून परतताना त्यांची वारंवारिता जराशी बदलते. हा फरक भरतो काहीशे ते काही हजार हर्ट्झ, म्हणजे नेमका आपल्या कानाच्या टप्प्यात. डॉक्टरांचं नशीबच म्हणायचं!

क्रिश्चन डॉप्लर यांनी १८४२ मध्ये प्रागला हे तत्त्व मांडलं, तेही ताऱ्यांच्या रंगांसाठी. जपानच्या शिगेओ सातोमुरा यांनी १९५०च्या दशकात ते शरीराकडे वळवलं.

मेख आहे कोनात. लहर रक्तप्रवाहाला काटकोनात भिडली, तर फरक जवळपास शून्य; म्हणून तंत्रज्ञ कोन ६० अंशांच्या आत ठेवतात. रंगीत डॉप्लर यंत्राच्या पडद्यावरचा लाल रंग सहसा प्रोबकडे येणारं रक्त दाखवतो, निळा दूर जाणारं. शुद्ध-अशुद्ध रक्ताशी त्याचा काही संबंध नाही.

नळीचं तोंड बोटाने दाबलं की पाणी जोरात उडतं, तसा अरुंद झालेल्या रोहिणीत रक्ताचा वेग वाढतो. विदर्भात, नंदुरबारकडे आढळणाऱ्या सिकलसेल आजारात हीच खूण मोलाची. मुलाच्या मेंदूतल्या मुख्य रोहिणीत सरासरी वेग सेकंदाला २०० सेंटिमीटर किंवा त्याहून जास्त भरला, तर पक्षाघाताचा धोका मोठा असतो. अशा मुलांना नियमित रक्त दिल्यास तो खूपच घटतो, हे अमेरिकेतल्या १९९८च्या चाचणीत दिसून आलं. तपासणीला ना सुई लागते, ना क्ष-किरण.