दोष कोणाचा?

(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेले व्याख्यान)



देव दयाळू आहे, मग जगात एवढे दुःख का, हा प्रश्न आपण बायका पोथीआधी दुखवट्याच्या घरी ऐकतो. तिथे उत्तरही तयारच असते : “तिचं प्रारब्ध!”

या उत्तरामागे मोठे शास्त्र आहे. ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात देवावरचे पक्षपाताचे आणि निर्दयपणाचे आरोप घेऊन त्यांचे निरसन केले आहे. शंकराचार्य तेथे पावसाचा दाखला देतात. पाऊस सर्वत्र सारखाच. भात उगवेल की जव, हे बियाण्यावर. बी म्हणजे ज्याचे त्याचे कर्म. मग पहिले बी कोठले? तर संसार अनादि आहे, पहिले असे काही नाहीच. युक्तिवाद चोख खरा. परंतु त्यात देव सुटतो आणि सगळा भार रडणाऱ्या बाईच्या पदरात पडतो.

१९३४ च्या जानेवारीत बिहारात भयंकर भूकंप झाला. तो अस्पृश्यतेच्या पापाचे शासन आहे, असे गांधीजी म्हणाले. अस्पृश्यता रवींद्रनाथांनाही मान्य नव्हतीच. तरी त्यांनी जाहीर हरकत घेतली. असा धडा शिकवणारा विधाता नीतीत माणसाहूनही खाली उतरेल, असा त्यांचा मुद्दा. गांधीजींनी ती हरकत आपल्या ‘हरिजन’ पत्रात छापली, मत मात्र बदलले नाही. (इतके सभ्य भांडण आपल्या बैठकीत कधी होईल?) मी रवींद्रनाथांच्या बाजूची आहे.

आपल्या किल्लारीचेच घ्या. ३० सप्टेंबर १९९३. गणेशविसर्जन आटोपून माणसे निजलेली. पहाटे चारच्या सुमारास धरणी हलली आणि साडेसात हजारांहून अधिक जीव गेले. ते घेतले मातीत रचलेल्या दगडी भिंतींनी आणि वरच्या जड माळवदांनी. उन्हाळ्यात गारवा देणारी घरे ती! भिंतीच्या आतल्या-बाहेरच्या थरांना जोडणारे आरपार दगड असते, तर कित्येक भिंती फुटल्या नसत्या. हे गवंड्याच्या हातचे काम. गेल्या जन्माचा त्यात काय संबंध?

तरीही, धरणी मुळात हलतेच का, पाळण्यातले मूल का जाते, याचे समाधान मला कुठल्याच पोथीत मिळालेले नाही. दुखवट्याला जाताना मी पिठलेभात नेते आणि प्रारब्धाचा शब्द काढत नाही. आमच्या सासूबाईंना हे खपत नसे.