शेपरची फेन्स आणि टेबलावरची खोबण



या व्यासपीठावर इतिहास, साहित्य, अर्थकारण यांवर नेहमी बोललं जातं. सुतारकामातल्या एका यंत्राच्या जुळणीवर बोलण्यासाठी तुम्ही मला बोलावलंत, याचा मला मनापासून आनंद झाला. हाताने काम करणाऱ्यांचं ज्ञान इथे यायलाच हवं.

यंत्र आहे लाकडाचा शेपर. आपल्याकडच्या कारखान्यांत त्याला स्पिंडल मोल्डरही म्हणतात. आयटीआयमध्ये शिकलेल्यांना लोखंड तासणारा शेपर आठवेल, तो हा नव्हे. बिडाचं सपाट टेबल, त्याच्या मधून वर आलेला उभा दांडा म्हणजे स्पिंडल आणि त्यावर बसवलेला कटर. लाकूड कटरच्या कडेने सरकवत नेलं की दाराच्या पट्टीला मोल्डिंग मिळतं, पॅनल बसायला खाच मिळते. फिरत्या पात्याने लाकूड घडवण्याची कल्पना इंग्लंडमध्ये सॅम्युअल बेंथम यांनी 1793 च्या पेटंटमध्ये मांडली होती. आजच्या लहान शेपरचा स्पिंडल मिनिटाला 7,000 ते 10,000 फेरे घेतो. तीन इंच व्यासाचा कटर 10,000 फेऱ्यांवर चालवला, तर त्याची धार सेकंदाला सुमारे 40 मीटर वेगाने जाते, म्हणजे ताशी 140 किलोमीटरपेक्षा जास्त. या वेगात जे घडतं ते डोळ्याला दिसेपर्यंत घडून गेलेलं असतं. म्हणून या यंत्राचं खरं काम बटण दाबण्यापूर्वीच होतं.

लाकूड ज्या सरळ आडभिंतीला टेकवून सरकवतात ती फेन्स. नव्या कारागिराच्या हाती शेपर आला की तो पट्टी घेऊन टेबलाच्या कडेपासून फेन्सचं अंतर मोजू लागतो. उजवीकडे किती, डावीकडे किती, दोन्ही सारखं आहे का. ही सवय टेबल सॉवरून आलेली असते आणि तिथे ती योग्यच आहे. करवतीचं पातं चपटं असतं, त्याला दिशा असते. फेन्स त्या दिशेला समांतर नसेल तर लाकूड पात्याच्या मागच्या दातांवर घासतं, जळतं, उलटं फेकलं जातं. शेपरचा कटर मात्र उभ्या आसाभोवती फिरतो. वरून पाहिलं तर ते वर्तुळ आहे आणि वर्तुळाला सगळ्या बाजू सारख्या. आसापासून फेन्सच्या दर्शनी भागाचं अंतर कायम असलं, की फेन्स टेबलावर थोडी तिरकी बसली तरी काप तोच येतो. तेव्हा टेबलाच्या कडेशी समांतर करण्यात घालवलेला वेळ वाया जातो.

याचा फायदाही घेता येतो. फेन्सचं एक टोक घट्ट करा, दुसरं सैल ठेवा आणि ते हलक्या हाताने सरकवा. कटर साधारण मधोमध असतो, म्हणून टोक एक सूत सरकलं तर कापाची खोली अर्धा सूतच बदलते. बारीक जुळणीसाठी याहून सोपी युक्ती मला माहीत नाही.

समांतरता नको असली तरी सरळपणा हवाच. फेन्सचे दोन भाग असतात, एक कटरच्या आधीचा, एक नंतरचा. दोन फुटी सरळ पट्टी दोन्हींवर टेकवून पाहा. गुण्या लावून दोन्ही भाग टेबलाशी काटकोनात आहेत का पाहा. फट दिसली तर मागे कागदाचा तुकडा घाला. साध्या झेरॉक्सच्या कागदाची जाडी 0.1 मिलिमीटरच्या आसपास असते, तेवढा फरकही पुरतो.

पट्टीच्या कडेचा काही भाग मूळचाच राहणार असेल, तर दोन्ही भाग एका रेषेत ठेवायचे. राहिलेली कड दोन्हीकडे टेकते. पण पूर्ण कडच कापली जाणार असेल, तर कटरनंतर लाकूड अरुंद झालेलं असतं. मग नंतरचा भाग तेवढाच पुढे आणावा लागतो. भंगारातली पट्टी कटरपलीकडे वीतभर नेऊन यंत्र बंद करा, स्पिंडल पूर्ण थांबू द्या आणि नंतरचा भाग कापलेल्या कडेला नुसता लागेल असा आणून आवळा. लाकूड तिथे अडलं तर तो जास्त पुढे आला आहे. पट्टीच्या शेवटच्या टोकाला खोल चट्टा पडला तर तो मागे राहिला आहे. लाकूडच उत्तर देतं.

आता टेबलावरच्या खोबणीकडे येतो, कारण गोंधळ इथेच होतो. पाऊण इंच रुंद, तीन सूत खोल अशी ही खोबण मायटर गेजसाठी, म्हणजे लाकूड ठरावीक कोनात धरून खोबणीतून सरकणाऱ्या आधारासाठी असते. दाराच्या आडव्या पट्टीची टोकं कापताना अरुंद टोक फेन्सवर टेकवून ढकलणं धोक्याचं, म्हणून पट्टी गेजला बांधून नेतात. पण तिचं टोक फेन्सलाही टेकतंच. म्हणजे लाकडाला आता दोन मार्गदर्शक झाले आणि ते रेल्वेच्या रुळांच्या जोडीसारखे समांतर असायलाच हवेत. फेन्स पुढे जाताना खोबणीकडे येत असेल तर लाकूड अडकतं, दूर जात असेल तर ढिलं पडून काप उथळ होतो.

त्यासाठी खोबणीत घट्ट बसणारी सरळ लाकडी पट्टी ठेवा आणि तिच्यापासून फेन्सपर्यंतचं अंतर दोन्ही टोकांना मोजा. डायल गेज असेल तर ते मायटर गेजच्या दांड्याला लावून फेन्सवरून फिरवा. दांडा खोबणीत हलत असेल तर ही सगळी मोजणी फुकट, आधी दांड्याच्या कडेला पंचाचे ठोके मारून तो घट्ट करा.

माझं मत असं की, टोकं कापण्यासाठी खोबण वापरूच नये. प्लायची एक सरकती पाटी करा, तिच्यावर आडवा ठोकळा काटकोनात बसवा, पट्टी क्लॅम्पने आवळा आणि पाटीची कड थेट फेन्सला लावून चालवा. मार्गदर्शक एकच उरतो, समांतरतेचा प्रश्नच मिटतो. पट्टीच्या मागे टेकू म्हणून एक वाया जाणारा तुकडा ठेवा, म्हणजे बाहेर पडताना तंतू तुटत नाहीत. आणि टोकं आधी कापा, लांब कडा नंतर, म्हणजे टोकाला उडालेली चिप लांब कडेच्या कापात निघून जाते.

सागवानाबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. त्यात सिलिका असते, ती साध्या पोलादाची धार लवकर बोथट करते आणि बोथट कटर लाकूड फेकतो. सागासाठी कार्बाइडचे कटर घ्या.

कटर ज्या दिशेने फिरतो तिच्या विरुद्धच लाकूड ढकला, त्याच दिशेने ढकललंत तर ते हातातून ओढून नेलं जातं. लाकूड कधीही कटर आणि फेन्स यांच्या मध्ये जाऊ देऊ नका. कटर फेन्समध्ये दडलेला असावा, फक्त लागेल तेवढीच धार बाहेर.

सभागृहात काही कारखानदार बसले आहेत, त्यांना विनंती करतो. मुलाला शेपर शिकवायला घ्याल तेव्हा पहिल्या दिवशी प्लग काढून ठेवा. फेन्स लावणं, सोडणं, पुन्हा लावणं आणि स्पिंडल हाताने एक फेरा फिरवून कुठे घासत नाही ना हे पाहणं, एवढंच त्याच्याकडून करून घ्या. वीज दुसऱ्या दिवशी जोडा.