भिंतीपलीकडची तार



जांबोटीचा पाऊस ज्याने एकदा पाहिला आहे, त्याला तिकडच्या जुन्या घरांच्या भिंती इतक्या जाड का, हे निराळे सांगावयास नको. मलप्रभेचा उगम जिथे आहे ते कणकुंबी याच वाटेवर. खानापूर तालुक्यातील या रानात माझ्या थोरल्या बहिणीचे जांभ्या दगडाचे घर आहे. गेल्या आषाढात मी तिथे चार दिवस मुक्कामास होतो.

तिचा मुलगा पुण्यातील एका कचेरीचे काम घरी बसून संगणकावर करतो. पावसाळा लागल्यापासून त्याची इंटरनेटची जोडणी वारंवार तुटत होती. महिनाअखेरपर्यंत व्यवस्था न झाल्यास पुण्यास परत यावे, असे त्याला वरिष्ठांनी बजावले होते. बहिणीने सत्तरी ओलांडलेली. घरात तिसरे माणूस नाही. तेव्हा प्रश्न दिसावयास तारेचा असला, तरी खरोखर तो एका वृद्धेच्या सोबतीचा होता.

बाहेरची तार घराच्या सोप्यात येते आणि राऊटर तिथेच आहे. भाच्याची खोली मागल्या अंगास, दोन भिंतींपलीकडे. बिनतारी लहरी तिथवर क्षीण होऊन पोचतात. भिंत ओली झाली की अधिकच. म्हणून त्याने त्या लहरी पुढे पोचवणारा एक्स्टेंडर आणला, तो आपल्या मेजाशेजारी बसवला आणि त्यातून एक केबल काढून संगणकास जोडली. तारेचा भरवसा अधिक, हा त्याचा हिशेब. झाले मात्र उलटेच. पूर्वी तुटत का होईना, जोडणी होती. आता केबलजवळचा दिवा लागे, पण इंटरनेट मुळीच येईना.

मी त्याला म्हटले, "अरे, तुझी तार चार हातांची. राऊटरपर्यंतचा पुढला सारा प्रवास हवेतूनच आहे. अंगणात फरशी घातली म्हणून पुढली चिखलाची वाट सुकत नाही." दिवा लागला याचा अर्थ एवढाच, की केबलची दोन टोके एकमेकांस ओळखतात. त्यापुढचे तो दिवा काही सांगत नाही.

बिघाड शोधण्याचा एक जुना नियम आहे. साखळीची एकेक कडी तपासावी आणि एका वेळी एकच गोष्ट बदलावी. आम्ही संगणक उचलून सोप्यात नेला आणि तीच केबल थेट राऊटरला लावली. इंटरनेट तत्काळ सुरू झाले. म्हणजे संगणक, केबल आणि बाहेरची तार हे तिन्ही संशयित एकदम निर्दोष सुटले. मग मोबाइल एक्स्टेंडरच्या लहरींवर जोडून पाहिला. खुणेच्या रेघा पूर्ण, पण पान एकही उघडेना. त्या रेघा एक्स्टेंडर जवळ आहे एवढेच दाखवतात. त्याचे राऊटरशी बोलणे होते की नाही, हे दाखवत नाहीत. शेवटी संगणकास मिळालेला पत्ता पाहिला. तो 169.254 या आकड्यांनी सुरू होत होता. पत्ता मागूनही कोणी दिला नाही, म्हणजे संगणक असा पत्ता स्वतःच धारण करतो.

दोष आता एक्स्टेंडरमध्येच होता. अशा पुष्कळ यंत्रांत दोन रीती असतात. 'ॲक्सेस पॉइंट' या रीतीत त्याचे केबलचे दार आत येण्यासाठी असते. राऊटरकडून तार येईल आणि आपण ती हवेत पसरू, अशी ते वाट पाहते. 'रिपीटर' या रीतीत ते हवेतून घेते आणि तेच दार बाहेर देण्यासाठी होते. आमचे यंत्र पहिल्या रीतीत होते. रीत बदलून राऊटरशी त्याची पुन्हा ओळख करून देताच संगणकास 192.168 ने सुरू होणारा खरा पत्ता मिळाला.

तरीही वेग बेताचाच आणि तुटणे चालूच. कारण एक्स्टेंडर ठेवला होता तिथे लहरी मुळातच क्षीण. जे नीट ऐकूच येत नाही ते पुढे काय सांगणार? शिवाय एकाच लहरपट्टीवर ऐकणे आणि सांगणे आळीपाळीने करावे लागत असल्याने वेग साधारण निम्म्यावर येतो. आम्ही ते यंत्र माजघराच्या दाराशी आणले आणि केबल लांब घेतली. अशी केबल 100 मीटरपर्यंत निर्धास्त चालते. तारेची वाट वाढली, हवेची घटली आणि काम चालण्याजोगे झाले.

तार आणि बिनतार यांचे नाते मोठे मौजेचे आहे. 1971 साली हवाई बेटांवरील विद्यापीठाने संगणक रेडिओलहरींनी जोडले. त्यापासून बोध घेऊन 1973 साली रॉबर्ट मेटकाफ यांनी अमेरिकेत तारेची 'ईथरनेट' पद्धती मांडली. तारेने बिनतारीकडून धडा घेतला, पण भिंत आडवी आली की आजही तारेलाच शरण जावे लागते.

भाच्याने पुढे दिवाळीच्या सुट्टीत सोप्यापासून मागल्या खोलीपर्यंत तुळयांच्या कडेने, घरातूनच, अखंड केबल ओढली. विजांच्या भयाने ती बाहेरून नेली नाही. संगणकाची तार आता थेट राऊटरला जाते. दुसरी एक तार एक्स्टेंडरला दिली असून त्याची रीत पुन्हा 'ॲक्सेस पॉइंट' केली आहे. पूर्वी जी चूक होती, तीच आता योग्य ठरली. कारण तारेची दिशा बदलली होती.

हे सारे मी बहिणीला समजावू लागलो, तेव्हा तिने मला मध्येच थांबवले आणि विचारले, "ते असू दे रे. आता पोरगं पुण्याला जात न्हाई न्हवं?"

"नाही जात," मी म्हटले.